वाऱ्यापुढे थोडे वाका

दहावीचा निकाल लागला की अलीकडे काही घरांत मोबाईलबरोबर आणखी एक मागणी येते. ‘रोड बाईक हवी.’ बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या हँडलची सायकल. ती कशीबशी घेऊन द्यावी, तर सहा महिन्यांत पुढची यादी तयार! कार्बनची चाके, वारा कापणारी फ्रेम. किंमत ऐकली की तंबाखूच्या किंवा उसाच्या पैशावर घर चालवणारे वडील गप्प बसतात. पोराची हौस मोडवत नाही आणि खिसाही साथ देत नाही. आजचे चार शब्द अशा घरांसाठी.

आधी वाऱ्याचा हिशेब समजून घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरने जाताना आपली बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. वेग 25 वरून 30 वर नेला, तर हवेचा अडथळा जवळजवळ दीडपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद पावणेदोन पटीच्या आसपास जाते. आता गंमत बघा. या अडथळ्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा सायकलीचा नसतोच, तो वर बसलेल्या माणसाचा असतो. म्हणजे लाखभराची चाके घेऊन उरलेल्या पाव हिश्श्यातला थोडासा भाग वाचवायचा, आणि छाती मात्र पडद्यासारखी वाऱ्यापुढे धरायची, असा हा उलटा व्यवहार होतो.

हे ओळखले होते स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने. त्याने स्वतःच्या हातांनी सायकल बनवली आणि तिच्यात कपडे धुण्याच्या मशीनचे बेअरिंग बसवले. हात छातीखाली दुमडून बसण्याची रीत शोधली आणि 17 जुलै 1993 रोजी नॉर्वेतील हामार येथे एका तासात 51.596 किलोमीटर कापून विश्वविक्रम केला. आठवडाभरात तो विक्रम दुसऱ्याने मोडला, पुढे ती बसण्याची रीतही शर्यतीत बंद झाली. पण जगाला धडा मिळाला, की वेग आधी अंगाच्या ठेवणीत असतो. आपल्या शेजारच्या विजापूर-बागलकोट भागातूनही राष्ट्रीय पातळीवरचे सायकलपटू घडले, ते काही श्रीमंतांच्या घरचे म्हणून नव्हेत.

मग घरी काय करायचे? सुरुवात सीटपासून. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ झाला, की उंची साधारण बरोबर. मग पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट चुकीची असेल तर पुढचे सगळेच चुकते.

दुसरी गोष्ट कोपरांची, आणि ती फुकट आहे. हात ताठ न ठेवता कोपरे वाकवा, हाताचा पुढचा भाग जमिनीला समांतर येऊ द्या. पाठीला कुबड न काढता कमरेतून पुढे झुका. खांदे आत, गुडघे दांड्याजवळ. कन्नड येणाऱ्या मित्राला सांगायचे तर ‘स्वल्प बग्गु’ एवढेच!

तिसरे, हँडल खाली आणणे. स्टेमच्या खाली गोल चकत्या असतात. त्यांतली एक काढून स्टेमच्या वर बसवायची. आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले करा, मग वरचा बोल्ट आणि टोपी काढा. परत बसवताना वरचा बोल्ट हँडलची डुगडुग जाईल इतकाच आवळा, हँडल सरळ करा आणि शेवटी बाजूचे बोल्ट घट्ट करा. एका वेळी एकच चकती, मग दोन आठवडे चालवून बघा. पैसे लागत नाहीत, एक ॲलन की पुरते. फोर्कची नळी मात्र लगेच कापून टाकू नका, मूल वाढत असते. पार्ट कार्बनचे असतील तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

चौथे, कपडे. फडफडणारा सैल शर्ट म्हणजे पाठीवर बांधलेले शीड. अंगाबरोबरचा टी-शर्ट पुरे.

फरक पडला का, हे मोजायला मोकळा, सुरक्षित रस्ता निवडा. एकाच सकाळी, दोन्ही दिशांनी, एकदा ताठ बसून आणि एकदा वाकून तितक्याच दमाने जा आणि वेळ लिहून ठेवा. पावसाळ्यात गोकाककडून बेळगावकडे येताना पश्चिमेचा वारा समोरून येतो. ही ‘एदुरु गाळी’ फरक लगेच दाखवते. बेळगाव-निपाणी मार्गावर हाच वारा बऱ्याचदा बाजूने ढकलतो. तिथे वाकण्यापेक्षा हँडल सैल पण सावध धरणे महत्त्वाचे.

आई-बाबांनी बघायची गोष्ट वेगळी आहे. मान वर करून पुढचा रस्ता नीट दिसतो का? बोटे ब्रेकवर पोचतात का? हाताला मुंग्या येतात, कंबर दुखते, असे मूल म्हणाले तर चकती पुन्हा खाली घालून हँडल वर करा. तवंदी घाटात उतरताना दांड्यावर बसून अंग मुडपण्याची नक्कल तर नकोच. जागतिक सायकल संघटनेने 1 एप्रिल 2021 पासून शर्यतीतही ती बंद केली आहे. हँडलवर जोडायच्या लांब शिंगांवर हात असताना ब्रेक दूर राहतात, म्हणून ती रहदारीत नकोत.

रोज पाच-दहा मिनिटे सूर्यनमस्कार घातले, तर वाकून बसायला लागणारी कंबर तयार होते. वाचलेल्या पैशातून आधी चांगले हेल्मेट, मग ब्रेकचे नवे रबर आणि टायर घ्या. एवढे करून वर्षभर मूल नेमाने सायकल चालवत राहिले, तर महागड्या चाकांचा विषय तेव्हा काढू. येत्या रविवारी फक्त सीटची उंची बघा. चकतीला पुढच्या रविवारी हात लावा.