गावचा कोंबडा आणि बारा तासांची गाडी

दिवाळीची सुटी संपत आली की आपल्या वस्त्यांत गावाकडून परतणाऱ्या गाड्या लागू लागतात. तुर्भे असो, दिघा असो, रबाळे असो. पूर्वी एस.टी.तून आणि रेल्वेच्या जनरल डब्यातून अंग चोरून येणारी माणसे आता दोन-तीन घरे मिळून भाड्याची गाडी करतात आणि परभणी, हिंगोली, वाशीम, बुलढाण्याहून थेट दाराशी उतरतात. डिकी उघडली की ज्वारीचे पोते निघते, तुरीची डाळ निघते, लाल मिरच्यांची पिशवी निघते. आणि सगळ्यांत शेवटी निघतो तो मांडीवर जपून आणलेला, फडक्यात गाठ मारलेला डबा. त्यात गावचा कोंबडा असतो. आजीने पहाटे उठून केलेला, जाळावर भाजून, पाट्यावरच्या मसाल्यात शिजवलेला. नातवंडांना मुंबईत असला कुठं मिळतो, असे म्हणून बांधून दिलेला. या डब्याविषयी आज आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत.

वाचकहो, विषय हसण्यावारी नेऊ नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात असाच डबा सकाळी सात वाजता बांधला गेला. वाटेत गाडी पंक्चर झाली, पुढे घाटात गर्दी लागली, घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. दमलेल्या माणसांनी डबा गरम केला आणि जेवली. वास आला नव्हता, चव तर उत्तम होती. पहाटेपासून आजोबा आणि दोन लहान मुले उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. तिघांना सलाइन लावावे लागले. घरच्या कर्त्याची चार दिवसांची रोजी बुडाली आणि औषधपाण्याला उसने काढावे लागले. गावी फोन गेला तेव्हा आजी जी रडायला लागली ती आवरेना. शेजारची कुणी म्हणे, नजर लागली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नजर काढायला मीठ-मोहऱ्या निघाव्यात याचे आम्हाला फार वाईट वाटले. कारण शोधायचेच होते तर ते डब्यात होते.

त्याचे असे आहे. अन्न फार थंड असले की जंतू वाढत नाहीत, चांगले कढत असले तरी वाढत नाहीत. मधल्या उष्णतेत, म्हणजे साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, ते झपाट्याने वाढतात. मटण-कोंबडी शिजताना बहुतेक जंतू मरतात, पण काहींची बीजे उकळीतही टिकून राहतात. गरम रस्सा झाकण लावून, वर फडके गुंडाळून आपण गाडीत ठेवतो, तेव्हा तो तासन् तास कोमट राहतो. जंतूंसाठी आपण जणू ऊबदार खोलीच भाड्याने दिली! आणि काही जंतू अन्नात असे विष सोडतात की ते पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून ‘घरी गेल्यावर परत उकळी आणू’ हा भरवसा खरा नाही. भाताचेही तसेच. मांसाच्या डब्याला जपणारी माणसे शिळ्या भाताकडे मात्र निर्धास्तपणे पाहतात.

ही अडचण आपल्याच गरिबीची आहे असे कुणी समजू नये. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी मोठा सण असतो. टर्की नावाचा भला थोरला पक्षी अख्खा भाजून किंवा धुरावर शिजवून लोक मोटारीत घालतात आणि शेकडो मैलांवरच्या आईबापांकडे नेतात. तिथल्या शेतीखात्याला दरवर्षी लोकांना बजावावे लागते, की शिजलेले मांस बाहेर २ तासांहून जास्त ठेवू नका, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मराठवाड्यातल्या दुपारी बंद गाडीची डिकी किती तापते ते आपण जाणतोच. धुराचा वास लागला म्हणजे मांस टिकले, हाही गैरसमज. तशा धुराने रंग येतो, चव येते. आतला ओलावा राहतोच.

टिकते ते वाळवलेले. हे आपल्या जुन्या माणसांना पक्के ठाऊक होते. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर कडकडीत उन्हात वाळवत, त्या चान्या. पाणी उडाले की जंतूंचे काही चालत नाही. चान्या घरात महिनोन् महिने राहत. अर्थात त्यामागे बलुत्याची, मेलेल्या जनावराची लाचारी होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले आणि समाजाने ते सोडले, योग्यच केले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात हे सारे खाणे नोंदवून ठेवले आहे, ते तरुणांनी जरूर वाचावे. ती लाचारी गेली. वाळवण्याचे ज्ञान का टाकावे? आपण जाताना गावाला सुकट-बोंबील नेतो ते याच ज्ञानावर. बोंबील दोन दिवस गाडीत राहिले तरी बिघडत नाहीत, सहप्रवासी बिघडतात एवढेच.

मग कोंबडा आणायचाच नाही का? आणा, पण गावच्या घरी फ्रीज असेल तर. आदल्या संध्याकाळी शिजवून परातीत पातळ पसरून निववावा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा, रात्रभर गार व्हावा. सकाळी मासळी बाजारात मिळते तसल्या थर्माकोलच्या पेटीत, खाली-वर बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवून आणावा. वाटेत पेटी उघडू नये. फ्रीज नसेल तर हा नाद सोडावा. वाटेत खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा यांना तोड नाही. जिवंत कोंबडा पाय बांधून डिकीत कोंबून आणणारेही आम्ही पाहिले आहेत. रोज वंदनेत पंचशील म्हणणाऱ्यांनी तरी तसे करू नये.

रस्ता चांगला झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला आमण्यापर्यंत पुरा झाला, नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला जाणाऱ्यांची मोठीच सोय झाली. पण मुलेबाळे, म्हातारी माणसे, चहा-लघवीचे थांबे धरले की नवी मुंबईपासून दहा-बारा तास जातातच.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. २०१५ पासून राज्यात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. कोंबडी-बकऱ्याचा तिच्याशी संबंध नाही, म्हशीचे मांसही त्या बंदीत येत नाही. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत इगतपुरीजवळ एका वृद्ध मुसलमान प्रवाशाला जवळच्या मांसावरून सहप्रवाशांनी मारहाण केली. म्हातारा माणूस लेकीकडे चालला होता. तेव्हापासून आपल्यातही काही जण साधे मटण नेताना डबा सीटखाली दडवतात. आम्ही म्हणतो, दडवू नका. बाजारातून मांस घेतले असेल तर दुकानदाराकडून पावती मागून घ्या आणि जवळ ठेवा. कारकुनाला पावतीचे वेड म्हणून हसा हवे तर. डबा कुणी उघडू लागलाच तर हुज्जत न घालता पोलिसांना ११२ वर फोन करा.

राहता राहिली आजी. तिला ‘डबा नको’ म्हटले तर तिला लागणार. नातवंडांना आपल्या हातचे खाऊ घालायचे तिला वर्षातून एकदाच मिळते. तिला निघायच्या आधी सांगू नका, गावी पोचायच्या आधीच फोन करून सांगा, की आई, कोंबडा आम्ही येऊ त्या दिवशी कर, चुलीजवळ बसून तुझ्यासमोर खाऊ. आणि परत निघताना डब्याऐवजी तिच्याकडून कोरडा मसाला कुटून घ्या, पाव-दीड पाव. कोंबडा तुर्भ्याला मिळतो.