ठेका घेतला, आता नावही घ्या

हळद असो, वरात असो, आम्ही डीजेवाले एक ठेका हमखास लावतो. चारी मात्रांवर सारखाच दणका, मिनिटाला साधारण १२०, आणि मांडवातल्या मावशींपासून पोराटोरांपर्यंत सगळे उठतात. पुण्यात बरीच वर्षं हे काम करतो आहे. हा ठेका कुणी घडवला, हे आमच्या लाइनीत कुणी सांगत नाही. तो घडवणारे बहुतेक जण अमेरिकेतले कृष्णवर्णीय होते आणि त्यांतले कितीतरी समलिंगी होते. यातली एक गोष्ट सांगून दुसरी गिळून टाकणं मला पटत नाही.

सिल्वेस्टर घ्या. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला, लहानपणी चर्चमध्ये गाणारा मुलगा. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत तो झगमगते कपडे आणि दागिने घालून उघडपणे गायला. १९७८ चं त्याचं ‘यू मेक मी फील (मायटी रिअल)’ चांगल्या हेडफोनवर ऐका. खाली सिंथेसायझर न थकता चालू असतो आणि वर भजनात तल्लीन झालेल्या माणसासारखा टिपेचा सूर लागतो. चर्चमध्ये कमावलेला गळा त्याने क्लबात आणला आणि त्यातली भक्ती तशीच ठेवली. १९८८ मध्ये एड्सने तो गेला. गाण्यांची रॉयल्टी त्याने एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे केली होती.

या संगीताचा, म्हणजे डिस्कोचा, राग करणारेही होते. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला. गर्दी मैदानात घुसली, दुसरा सामना झालाच नाही. विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामावर होता. लोकांनी आणलेल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या, असं त्याने पुढे सांगितलं. राग निव्वळ गाण्यांवर होता, हे मी तरी मानत नाही.

त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. नवीन माल येईना. त्याच शिकागोत ‘वेअरहाउस’ क्लबात फ्रँकी नकल्स वाजवायचा. तो स्वतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी, नाचायला येणारेही बहुतेक तसेच. त्याने जुनी गाणी टेपवर कापून, जोडून लांबवली, पुढे ड्रम मशीनचा ठोका खाली घातला. क्लबाच्या नावावरूनच या संगीताला ‘हाउस’ म्हणू लागले. १९८४ मध्ये ‘ऑन अँड ऑन’ ही हाउसची पहिली मानली जाणारी तबकडी निघाली. जेसी सॉन्डर्सच्या जोडीने ती करणारा विन्स लॉरेन्सच होता.

याच संगीतावर बेतलेला २०२२ चा ‘रेनेसान्स’ हा अल्बम बियॉन्सेने आपल्या समलिंगी ‘अंकल जॉनी’ला अर्पण केला आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी घेताना मंचावरून समलिंगी समाजाचे आभार मानले. एवढी मोठी गायिका ऋण जाहीर सांगते, तर आपण का गप्प बसावं?

आपल्याकडे याच ठेक्यावर एखादा पोरगा लचकून नाचला, की गर्दीतून ‘बायल्या’ म्हणून हाक येते. मी सरळ फेडर खाली ओढतो, माइक घेतो आणि सांगतो, त्याला नाचू द्या, नाहीतर गाणं बंद. पार्टी चिडते, कधी पैसे कापते. कापू दे.

पुण्या-मुंबईत डीजेचे क्लास गल्लोगल्ली निघालेत. ते चालवणाऱ्या मित्रांनो, पोरांच्या हातात मिक्सर देण्याआधी त्यांना फ्रँकी नकल्स ऐकवा, आणि तो कोण होता तेही पूर्ण सांगा.