फी किती, त्याआधी तास किती?

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर आमच्या एका माजी विद्यार्थ्याची अम्मी भेटायला आली. सलाम-दुआ झाली आणि तिने पर्समधून दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. मुलगा 21 वर्षांचा, कारचे लायसन्स मिळून दोन वर्षे झालेली. आता त्याला ट्रकचे, म्हणजे हेवी लायसन्स काढायचे आहे. एका ड्रायव्हिंग स्कूलने 8 हजार सांगितले, दुसऱ्याने 18 हजार. "सर, लायसन्स दोन्हीकडे तेच मिळणार ना? मग दहा हजार जास्त कशाला घालवू? बांगडी गहाण ठेवून पैसे उभे करणार आहे मी."

प्रश्न अगदी रास्त होता. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न दुसऱ्या एका पालकाने विचारला होता, तेव्हा आम्ही पटकन म्हणालो होतो, "स्वस्तात होत असेल तर तिथेच घाला." त्या मुलाला लायसन्स मिळाले, पण आजही तो क्लीनर म्हणूनच फिरतो. कोणताही मालक त्याच्या हाती भरलेली गाडी द्यायला तयार नाही. दोन ठिकाणी चाचणी घेतली, दोन्हीकडे रिव्हर्स घेताना घाबरला. त्याचे 8 हजार वाचले नाहीत, दोन वर्षांचा पगार मात्र बुडाला. त्या सल्ल्याची खंत आम्हाला आहे, म्हणून या वेळी घाई केली नाही. "दोन दिवस द्या. दोन्हीकडे जाऊन बघतो," असे सांगितले.

पहिल्या ठिकाणी कोर्स 12 दिवसांचा. ट्रक एकच, रोज एक तास बाहेर निघतो आणि त्यात चार मुले. म्हणजे प्रत्येकाच्या हाती स्टेअरिंग रोज पाव तास, बारा दिवसांत तीन तास. दुसऱ्या ठिकाणी 30 दिवस, दीड तासाला तीन मुले, म्हणजे प्रत्येकाला रोज अर्धा तास, एकूण 15 तास. आम्ही फळ्यावर मांडतो तसे गणित त्या माउलीसमोर मांडले. 8 हजार भागिले 3, म्हणजे तासाला सुमारे 2,667 रुपये. 18 हजार भागिले 15, म्हणजे तासाला 1,200. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे स्वस्त तेच महाग की!"

हे 15 तास काही कुणाची मेहेरबानी नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये व्यवसायाच्या गाडीचे प्रशिक्षण सर्वसाधारणपणे किमान 30 दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवणे किमान 15 तासांचे सांगितले आहे. ते पूर्ण झाल्यावर स्कूल नमुना 5 चे प्रमाणपत्र देते आणि ते अर्जाला जोडावे लागते. तीन तास शिकवून 15 तासांचा दाखला देणे म्हणजे खोटी साक्ष देणे. ती स्वस्तात मिळाली तरी आपण ती घ्यावी का, हा ज्याच्या-त्याच्या इमानाचा प्रश्न आहे.

पण महाग तेच चांगले, असेही समजू नका. भिंतीवर टीव्ही, वर्गात एसी आणि ट्रक मात्र महिनाभर गॅरेजमध्ये, असेही असू शकते. म्हणून पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन या गोष्टी विचारा. स्कूलचे आरटीओचे लायसन्स चालू आहे का? शिकवणार त्या ट्रकला शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक-क्लचची सोय आहे का? नियमाने ती हवीच. शिकवणाऱ्याला किमान पाच वर्षे गाडी चालवल्याचा अनुभव आहे का? नमुना 15 ची वही दाखवा म्हणावे. कोणत्या मुलाने किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली, ते तिच्यात लिहिलेले असते. वही दाखवायला का-कू करणाऱ्याला लांबूनच सलाम करावा. आणि शेवटचे, फीमध्ये काय-काय धरले आहे ते लिहून घ्यावे. आरटीओची सरकारी फी काही शेकड्यांत असते, तिच्या नावाखाली हजारो रुपये वेगळे मागितले तर हिशेब विचारावा.

1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियमही लागू आहेत. तिथे हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत 38 तासांचा असतो, सिम्युलेटर असतो आणि उत्तीर्ण झालेल्याला आरटीओत पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. असे केंद्र जवळ असेल तर त्याचीही चौकशी करावी. दुबईला जायचा विचार असेल तर हेही लक्षात ठेवा की इथले लायसन्स दाखवले म्हणून तिथे ट्रक मिळत नाही. तिथे पुन्हा टेस्ट असते, आणि ती कागद बघून नाही, हात बघून पास करतात.

या मुलाला चिपळूणहून कराडला माल न्यायचा आहे. म्हणजे रोजचा रस्ता कुंभार्ली घाटाचा. दहा टायरचा ट्रक मालासकट 28 टनांच्या आसपास जातो. घाट उतरताना नुसता ब्रेक दाबत राहिले तर लायनर तापून ब्रेक धरेनासा होतो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यायचा, न्यूट्रल करायचा नाही, हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हे सगळे रोज पाव तासात, तेही मैदानावर गोल फिरून, हाताला कसे वळण लागणार? समोरून येणाऱ्या एसटीत कुणाची तरी मुले बसलेली असतात.

अम्मीने 18 हजारांचेच ठरवले. स्कूलवाल्याशी बोलून तीन हप्ते करून घेतले, त्यामुळे बांगडी अजून हातात आहे. परवा मुलाचा फोन आला. तक्रार करत होता, "सर, दोन दिवस झाले, उस्ताद नुसते टायर, ऑइल आणि हवेच्या टाक्या बघायला लावतात. गाडी हातात देतच नाहीत."

आम्ही म्हणालो, "बेटा, मग तू योग्य ठिकाणी आहेस."