उत्तम मल्ल तोच उत्तम वस्ताद काय?

गेल्या पावसाळ्यांत आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतील कांहीं मुलें मजकडे एक तक्रार घेऊन आलीं. सायंकाळीं कुस्ती शिकविण्यास जे वस्ताद येतात त्यांनीं कधीं मोठी गदा जिंकलेली नाहीं. मग त्यांच्यापासून आम्हीं काय शिकावें, असा त्यांचा सवाल होता. पुढें पालकसभेंत एकदोन सद्गृहस्थांनीं हाच प्रश्न अधिक सभ्य शब्दांत विचारला. मुलें हल्लीं मोबाइलवर ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ नांवाचा खेळ पाहतात, व त्यांतील विजेत्यांचीं नांवें त्यांस पाढ्यांप्रमाणें पाठ असतात. तेव्हां त्यांच्याच आवडीच्या खेळांतून या प्रश्नाचा कांहीं निकाल लागतो काय, हें पाहण्याचें मी योजिलें.

या खेळांत ठोसे, लाथा, कुस्तीचे डाव व सांधे अडकविण्याचे पेंच हें सर्व एकत्र चालतें. यू.एफ.सी. या संस्थेची पहिली स्पर्धा अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं १९९३ सालीं झाली. आज त्या स्पर्धांत फेरी पांच मिनिटांची असते आणि दोन फेऱ्यांमध्यें एक मिनिट विश्रांति मिळते. तेवढ्या वेळांत मल्ल स्टुलावर बसतो व त्याचा शिक्षक त्यास काय तें सांगतो. श्वास चढलेल्या, घामानें निथळणाऱ्या मनुष्यास दहा गोष्टी सांगून उपयोग नाहीं. पुढच्या फेरींत जी एक चूक सुधारतां येण्याजोगी आहे तीच हेरून दोन शब्दांत सांगावी लागते. हें काम दंडाचें नसून नजरेचें आहे.

म्हणूनच या खेळांतील कित्येक नामांकित शिक्षक स्वतः मल्ल म्हणून गाजलेले नाहींत. जॉन डॅनहर हे न्यूझीलंडमध्यें वाढलेले गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. या खेळाच्या व्यावसायिक सामन्यांत ते कधींच उतरले नाहींत. परंतु कॅनडाचा जगज्जेता जॉर्ज सां-पिएर हा जमिनीवरील डावपेंच त्यांच्यापाशीं शिकला. आल्बुकर्की येथील ग्रेग जॅक्सन यांचीही तीच गोष्ट. सां-पिएर व जॉन जोन्स या दोघांही अजिंक्यवीरांच्या शिक्षणांत त्यांचा मोठा वांटा आहे.

यावरून थोर मल्ल शिकवूंच शकत नाहीं असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही चुकेल. पॅट मिलेटिच हे १९९८ सालीं यू.एफ.सी.चे विजेते झाले, आणि त्यांच्या आयोवा येथील आखाड्यांतून आलेले जेन्स पल्व्हर व मॅट ह्यूज हे दोघेही २००१ सालीं विजेतेपदास पोहोंचले. कुस्तीकडे वळलों तर त्याच आयोवांतील डॅन गेबल यांचें उदाहरण आहे. त्यांनीं १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्यें प्रतिस्पर्ध्यास एकही गुण न देतां सुवर्णपदक जिंकिलें, व पुढें शिक्षक या नात्यानें आयोवा विद्यापीठास १५ राष्ट्रीय विजेतेपदें मिळवून दिलीं. दागिस्तानचा खबीब नुर्मागोमेदोव्ह २९ लढतींत एकदांही न हरतां २०२० सालीं निवृत्त झाला. २०२२ सालीं त्याचा जोडीदार इस्लाम माखाचेव्ह विजेता झाला तेव्हां खबीब त्याच्या कोपऱ्यांत शिक्षक म्हणून उभा होता.

पण येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. खबीबचे वडील अब्दुलमनाप हेच त्याचे वस्ताद होते. बाप दुसऱ्यांच्या मुलांस कसा घडवितो, हें तो बालपणापासून पाहत आला. गेबल यांचें म्हणाल, तर महाविद्यालयांतील आपला शेवटचा सामना ते १९७० सालीं हरले होते, आणि आपण कोठें चुकलों याचा शोध त्यांनीं पुढें जन्मभर सोडला नाहीं. सारांश, या पुरुषांनीं शिकविण्याची विद्या निराळी कमाविली होती. ती पदकाबरोबर आपोआप गळ्यांत पडली नव्हती.

या बाबतींत माझा स्वतःचा अनुभव सांगतों. महाविद्यालयांत गणितांत माझा क्रमांक वरचा असे. शिक्षक झाल्यावर पहिल्या वर्षीं मी फळ्यावर भराभर उदाहरणें सोडवीत असें व मुलें माझ्या तोंडाकडे पाहत बसत. “यांत कठीण तें काय?” असें मी विचारी. तें कोणास कां कठीण जावें हेंच मला ठाऊक नव्हतें! माझे एक वडील सहकारी गणितांत दोनदां नापास होऊन पुढें गेलेले होते. मात्र मुलाचा पाय नेमका कोणत्या पायरीवर घसरतो हें त्यांस अचूक कळे. अखेर मी त्यांच्या वर्गांत मागच्या बांकावर जाऊन बसूं लागलों, तेव्हां कोठें शिक्षक होऊं लागलों.

विजेत्या गुरूचा लाभ मी नाकारीत नाहीं. भीति व थकवा त्यानें स्वतः सोसलेला असतो, आणि मुलें त्याच्या शब्दावर चटकन् विश्वास ठेवितात. परंतु विश्वास बसल्यावर शिकवावें तर लागतेंच. म्हणून पालकांस माझी विनंति आहे कीं, वस्ताद पारखतांना त्यांचीं पदकें मोजूं नयेत. गतवर्षीं जो मुलगा सर्वांत मागें होता तो आज कोठें आहे, हें विचारावें. दुखावलेल्या मुलास ते आखाड्याबाहेर बसवितात कीं तसाच लढवितात, हें पाहावें.

तक्रार आल्यानंतर मी स्वतः तीन सायंकाळीं आखाड्याच्या कडेला जाऊन उभा राहिलों. आठवीचा एक किरकोळ मुलगा दर वेळीं एकाच डावावर चीत होत होता. वस्ताद दोन दिवस कांहींएक बोलले नाहींत. नुसते पाहत राहिले. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं त्याचा डावा पाय हातानें धरून वीतभर मागें सरकविला व म्हणाले, “आतां धर.” त्या सायंकाळीं तो मुलगा पडला नाहीं. तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांनीं एकदां तेथें उभें राहून पाहावें, आणि मग या वस्तादांपासून काय शिकावें तें आपलें आपण ठरवावें.