भ्रमण आणि ग्रंथसंगति

फिरण्याची हौस आणि वाचनाची हौस या दोघी एका घरीं नांदत नाहींत, अशी एक समजूत आहे. ज्याला रान प्रिय त्याला पुस्तकाचा कंटाळा, आणि ज्याला पुस्तक प्रिय त्याला उन्हाचा कंटाळा, असें म्हणतात. आमच्या मतें ही समजूत खरी नाहीं. किंबहुना एका भटक्यानें दुसऱ्यास चांगलें पुस्तक सुचविणें हें त्याला वाट दाखविण्याइतकेंच उपकाराचें काम आहे.

याला एक प्रसिद्ध दाखला आहे. इ. स. १९०८ च्या सुमारास मुंबईंत सलीम अली नांवाच्या शाळकरी मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणत्या जातीची, हें घरांत कोणास सांगतां येईना. तेव्हां मामांनीं त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविलें. ही संस्था १८८३ मध्यें आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनीं स्थापिली होती. तेथील चिटणीस मिलर्ड साहेब यांनीं पक्षी ओळखून दिला, आणि जातांना मुलाच्या हातीं कांहीं पुस्तकेंही दिलीं. त्यांत मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवरील ‘ईहा’ यांचें पुस्तक होतें. ‘ईहा’ म्हणजे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन; हे कस्टम व मिठाच्या खात्यांतील अधिकारी आणि त्याच संस्थेच्या संस्थापकांपैकीं एक. पुढें या मुलानें १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवर जें पुस्तक लिहिलें, तें आजही पक्षी पाहणाऱ्यांच्या पिशवींत आढळतें. योग्य वेळीं उसनें दिलेलें पुस्तक किती दूर जातें, पाहा!

आतां आपल्या वसईकडे वळूं. रविवारीं किल्ल्यांत किती गर्दी असते! परंतु १५३४ मध्यें हें ठाणें पोर्तुगीजांच्या हातीं कसें गेलें आणि १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं तें कसें घेतलें, हें ठाऊक असणारे त्यांत किती? छायाचित्र काढून मंडळी परततात, आणि पडक्या भिंती मुक्याच राहतात. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ मध्यें उत्खनन करून उजेडांत आणिला. त्याच्या जवळून रोज जाणाऱ्यांनाही तो टेकाडासारखाच दिसतो. तुंगारेश्वरचें रान २००३ मध्यें अभयारण्य झालें. पण धबधब्याखालीं भिजून येणाऱ्यास तेथील एका तरी झाडाचें नांव सांगतां येतें काय?

हा प्रश्न केवळ माहितीचा नाहीं. इमारती वाढत आहेत. मिठागरें, पाणथळ जागा आणि वाड्या मागें सरत आहेत. ज्या पक्ष्याचें नांवच ठाऊक नाहीं, तो येईनासा झाला तरी कोणास चुकल्यासारखें वाटत नाहीं. जें ओळखतों, त्याचीच आपण राखण करतों. २०२४ मध्यें दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं लेखणीही चालविली आणि हिरव्या वसईसाठीं लढाही दिला. त्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, पुस्तकाची शिफारस वाटेप्रमाणें व माणसाप्रमाणें करावी. पन्नास नांवांची यादी कोणी वाचीत नाहीं, पण “तूं गडावर निघालास ना, मग गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाच” असें मित्रानें म्हटलें, तर तें मनांत राहतें. झाडें पाहणाऱ्यास दुर्गाबाई भागवत यांचें ‘ऋतुचक्र’ सुचवावें. त्यांत महिन्यामागून महिना सृष्टि कशी पालटते, तें सांगितलें आहे. पक्ष्यांचा नाद लागलेल्यास वनखात्यांत आयुष्य घालविलेल्या मारुती चितमपल्लींचीं पुस्तकें द्यावीं. अट एकच: स्वतः वाचल्यावांचून कोणास कांहीं सुचवूं नये.

आज पुस्तक कानांनींही वाचतां येतें. २०१७ मध्यें स्टोरीटेलची सेवा भारतांत आली, आणि मोबाइलवर मराठी पुस्तकें ऐकण्याची सोय वाढली. ऐकणें म्हणजे वाचणें नव्हे, असें म्हणून कांहीं पालक नाक मुरडतात. पण आपल्याकडे पोथी एकानें वाचावी आणि दहांनीं ऐकावी, हीच जुनी चाल नव्हे काय? फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें छापलें गेलें, तेंही देवळांतून मोठ्यानें वाचलें जाई. विरारहून चर्चगेटपर्यंत गाडींत उभ्यानें जाणाऱ्या वडिलांस, किंवा नजर अधू झालेल्या आजीस, ऐकण्याचें पुस्तक मोठा आधार आहे. मात्र रानांत शिरतांना तें यंत्र कानांतून काढून ठेवावें. तेथें पाखरांचा आवाज आणि सोबत्याची हांक ऐकूं आली पाहिजे.

कोणी म्हणेल, रानांत जावयाचें तें पुस्तकांपासून सुटका व्हावी म्हणून. तेथेंही शाळा कशाला? आम्हीही पुस्तक रानांत उघडून बसावयास सांगत नाहीं. तें निघण्यापूर्वीं वाचावें, आणि परतल्यावर पुन्हां चाळावें. मग जें नुसतें पाहिलें होतें तें दिसूं लागतें.

विद्यार्थिमित्रहो, या सुट्टींत जेथें जाल, तेथून परतल्यावर एका मित्रास एक पुस्तक सांगा. जमल्यास आपलीच प्रत द्या. शाळेच्या ग्रंथालयांत एक वही ठेवावी, तींत एका पानावर ठिकाण आणि समोरच्या पानावर पुस्तक लिहावें. पालकांनींही त्या वहींत भर घालावी. पुस्तक उसनें दिलें कीं तें परत येत नाहीं, ही तक्रार खरी आहे; पण दहांपैकीं एखादें जरी योग्य मुलाच्या हातीं पडलें, तरी बाकीचीं हरवल्याचें दुःख आम्ही मानणार नाहीं.