न पाहिलेल्या चित्रपटाचा निवाडा

मे महिना आला की आमच्या धर्मग्रामात सायंकाळी ठिकठिकाणच्या क्रुसांपुढे रोझरीच्या प्रार्थनेसाठी माणसे जमतात. प्रार्थना आटोपते, वडीलधारी मंडळी घराकडे वळतात आणि क्रुसाच्या ओट्यावर तरुणांची बैठक बसते. परीक्षा संपलेल्या असतात, सुट्टी असते आणि विषय ठरलेला असतो : चित्रपट. या उन्हाळ्यात कोणता चित्रपट गाजणार, कोणता आपटणार, कोणत्या दिग्दर्शकाची सद्दी संपली, कोणत्या नटाला न पेलणारी भूमिका मिळाली, पहिल्या तीन दिवसांत कोणाचा गल्ला किती कोटींवर जाणार, याचे निकाल तेथे धडाधड लागत असतात. ऐकताना प्रथम आम्हांला मौज वाटते आणि थोड्याच वेळात आम्ही अस्वस्थ होतो. कारण ज्या चित्रपटांवर हे निकाल दिले जातात, त्यांतील एकही अद्याप पडद्यावर आलेला नसतो!

आरंभीच स्पष्ट करावयास हवे की, चित्रपट पाहू नयेत असे सांगण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आम्ही स्वतः चित्रपट आवडीने पाहतो. आमचे भांडण आहे ते न पाहता दिलेल्या मताशी. आणि या भांडणात आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा चित्रपटशौकीन उभा नाही. त्याच्या शेजारी आम्ही धर्मगुरू मंडळीही आहोत. ते कसे, हे पुढे येईलच.

‘ब्लॉकबस्टर’ हा शब्द मुळात बॉम्बचा आहे. दुसऱ्या महायुद्धात शहरातील इमारतींची अख्खी रांग जमीनदोस्त करणाऱ्या प्रचंड बॉम्बला हे नाव पडले आणि तेथून ते चित्रपटव्यवसायात शिरले. अमेरिकेत उन्हाळ्याच्या दिवसांत असा बॉम्ब टाकण्याची रीत रूढ झाली ती स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ या चित्रपटापासून. २० जून १९७५ रोजी तो चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच दिवशी लागला आणि त्याआधी दूरचित्रवाणीवर त्याच्या जाहिरातींचा मारा करण्यात आला. तत्पूर्वी मोठे चित्रपट बहुधा मोजक्या शहरांत प्रथम लागत व पाहून आलेल्यांच्या तोंडून त्यांची कीर्ती वा अपकीर्ती गावोगाव पोहोचे. आता हा क्रम उलटला. सर्वत्र एकाच दिवशी चित्रपट लावायचा आणि पाहिलेला माणूस न पाहिलेल्या माणसाला काही सांगण्यापूर्वीच गल्ला भरून घ्यायचा, हे त्यामागचे गणित आहे. म्हणजेच उन्हाळी चित्रपटांचे सारे अर्थकारण न पाहणाऱ्याच्या मतावर उभे आहे. ओट्यावर बसलेल्या आमच्या तरुणाला वाटते की, तो स्वतंत्र मत देत आहे. वस्तुतः ते मत त्याच्या हाती मोठ्या खर्चाने आणून ठेवलेले असते.

हा धंदा किती पुढे गेला आहे ते पाहा. १९९८ च्या नोव्हेंबरात ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील पुढील चित्रपटाची जाहिरात काही चित्रपटगृहांत दाखविण्यात आली. तेव्हा अमेरिकेत कित्येक शौकिनांनी दुसऱ्याच चित्रपटाचे पूर्ण तिकीट काढले, जाहिरात पाहिली आणि मुख्य चित्रपट सुरू होताच ते उठून चालते झाले. अलीकडचे उदाहरण ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द ओडिसी’चे. त्याच्या प्रदर्शनासाठी १७ जुलै २०२६ ही तारीख ठरविण्यात आली आणि काही निवडक आयमॅक्स चित्रपटगृहांची तिकिटे १७ जुलै २०२५ रोजी, म्हणजे बरोबर एक वर्ष आधी, विक्रीस निघाली. चित्रीकरणदेखील तेव्हा पुरे झालेले नव्हते. तरीही कित्येक खेळांची तिकिटे हातोहात संपली. अपुऱ्या घरात गृहप्रवेश करण्यासारखेच नव्हे का हे?

बरे, या भाकितांची प्रत तरी काय? २५ मे १९७७ रोजी पहिला ‘स्टार वॉर्स’ अवघ्या बत्तीस चित्रपटगृहांत लागला, कारण जाणत्यांचा त्यावर विश्वासच नव्हता. खुद्द दिग्दर्शक जॉर्ज लुकस अपयशाच्या धास्तीने हवाई बेटांवर निघून गेले होते. पुढे काय घडले ते जगाला ठाऊक आहे. ‘टायटॅनिक’ १९९७ च्या जुलैत यायचा होता. तो लांबला, सुमारे वीस कोटी डॉलरांचा खर्च झाला आणि चित्रपटही जहाजाप्रमाणे बुडणार, अशी थट्टा महिनोन्‌महिने चालली. १९ डिसेंबर १९९७ रोजी तो आला, सलग पंधरा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिला आणि त्याने अकरा ऑस्कर मिळविली. ‘कॅप्टन मार्व्हल’ या चित्रपटावर तर प्रदर्शनापूर्वीच इतकी गरळ ओकण्यात आली की, ‘रॉटन टोमॅटोज’ या समीक्षा संकलित करणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शनपूर्व शेरे घेणेच बंद केले. पुढच्याच महिन्यात लागलेल्या त्या चित्रपटाने जगभरात ११० कोटी डॉलरांहून अधिक मिळकत केली. तो चित्रपट थोर होता असे आम्ही म्हणत नाही. तो वाईट आहे असे म्हणणाऱ्यांनी तो पाहिलेला नव्हता, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपल्या मराठीतही याचे एक लख्ख उदाहरण आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, प्रदर्शित झाला. नायक-नायिका नवखे होते. अजय-अतुल यांची गाणी मात्र आधीच घरोघरी पोहोचली होती आणि त्या गाण्यांवरून चित्रपटाविषयी मते तयार झाली होती : कोवळ्या प्रेमाची कहाणी, नाचगाणी, मौजमजा. अशी मते खिशात घालून चित्रपटगृहात शिरलेले लोक शेवटच्या दृश्यापाशी कसे सुन्न झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवत असेल. सगळा आवाज बंद होतो आणि एक लहान मूल रक्ताळलेली पावले उमटवीत घराबाहेर पडते. जातीच्या प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्येचे ते चित्र पाहून कित्येक प्रेक्षक न बोलता घरी गेले. जाहिरातीने जे सांगितले नव्हते आणि कोणत्याही भाकितात जे आले नव्हते, तेच त्या चित्रपटाचे सांगणे होते. ख्रिस्ती समाजही जातीच्या विषापासून मुक्त नाही. म्हणून ते सांगणे आम्हांलाही लागू होते. गाणी ऐकूनच ‘आपल्याला कळले’ म्हणून घरी बसलेल्याच्या पदरी काय पडले?

यावर आमचा तरुण मित्र म्हणेल, “फादर, गप्पा आहेत या. मत दिल्याने कोणाचे काय बिघडते?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यावयास हवे. दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. तिचे विवेचन करताना ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने २४७७ व्या परिच्छेदात उतावळ्या निवाड्याचा दोष सांगितला आहे : पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याच्या ठायी नैतिक दोष आहे असे मनातल्या मनात जरी गृहीत धरले, तरी तो अपराध होय. चित्रपट म्हणजे शेजारी नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु चित्रपटामागे माणसे असतात. लेखक, संकलक, सुतार, दिवे उचलणारे, शिलाई करणारे असे शेकडो लोक दोन-दोन वर्षे खपतात. त्यांच्या श्रमांना पाहण्याआधीच ‘भंगार’ म्हणणे ही साक्ष खरी कशी म्हणावी? शिवाय ही सवय चित्रपटापाशी थांबत नाही. न पाहता चित्रपटाचा निकाल लावणारी जीभ, न भेटता माणसाचा आणि न ऐकता जमातीचा निकाल लावायला शिकते. प्रभू येशूविषयी परुशी असाच निकाल देऊ लागले तेव्हा निकदेमाने त्यांना विचारले होते की, माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरविणे आपल्या नियमशास्त्रात बसते काय?

आता आमच्या पिंजऱ्याकडे वळू. २००६ चा उन्हाळा आम्ही विसरू शकत नाही. ‘द दा विंची कोड’ १९ मे रोजी जगभर लागणार होता. आम्ही तेव्हा तरुण धर्मगुरू होतो. मुंबईत निदर्शने झाली, उपोषणाच्या घोषणा झाल्या. आम्हीही रविवारच्या मिस्सेत त्या चित्रपटावर आवेशपूर्ण प्रवचन केले. मिस्सा संपल्यावर महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा सॅक्रिस्टीच्या दाराशी आला आणि त्याने नम्रपणे विचारले, “फादर, तुम्ही तो पाहिला आहे का?” आम्ही उत्तरलो, “विष ओळखायला ते प्यावे लागत नाही.” आजूबाजूचे हसले. आम्हांलाही आपल्या हजरजबाबीपणाचे कौतुक वाटले. मुलगा मान हलवून निघून गेला. तो पुढेही मिस्सेला येत राहिला. परंतु आम्हांला प्रश्न विचारण्यासाठी मात्र पुन्हा कधी आला नाही.

त्या चित्रपटाचे काय झाले? परीक्षण मंडळाने त्याला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले, ही कल्पित कथा आहे अशी सूचना जोडली आणि काही दिवसांच्या विलंबाने तो भारतात लागला. नागालँड, आंध्र प्रदेश अशा राज्यांनी बंदी घातली. आंध्रातील बंदी उच्च न्यायालयाने उठविली. जगभरात त्याने ७५ कोटी डॉलरांहून अधिक कमावले. पुढे आम्ही तो पाहिला. इतिहास म्हणून तो भ्रामक आहेच. पण चित्रपट म्हणूनही लांबलचक आणि कंटाळवाणा आहे. ही गोष्ट पाहून, मुद्द्यांनिशी त्या मुलाशी बोललो असतो, तर त्याच्या श्रद्धेची राखण झाली असती. आम्ही त्या वेळी राखण केली ती केवळ आमच्या आवेशाची.

आणि हा दोष आमच्या एकट्याचा नाही. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी १६ डिसेंबर १९५६ रोजी आपल्या कॅथेड्रलच्या व्यासपीठावरून एलिया कझान यांच्या ‘बेबी डॉल’चा निषेध केला. तो त्यांनी पाहिला नव्हता, आणि विचारणाऱ्याला त्यांनी दिलेले उत्तर आमच्या उत्तराचेच थोरले भावंड शोभावे असे होते : रोग ओळखायला तो व्हावा लागतो काय, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. चित्रपटाला शंभर वर्षे झाली तेव्हा १९९५ मध्ये व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली. तीत त्याच कझान यांचा ‘ऑन द वॉटरफ्रंट’ आहे. पासोलिनी यांचा ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ही आहे. पासोलिनी मार्क्सवादी, नास्तिक. धर्माच्या अवमानाबद्दल १९६३ मध्ये इटलीच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी हा चित्रपट केला, पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात कॅथोलिक चित्रपटसंस्थेने त्याला पारितोषिक दिले. ज्यांनी ते दिले, त्यांनी नाव वाचून निकाल लावला नव्हता. ते अंधारात बसून चित्रपट पाहून आले होते. किंबहुना अकरावे पायस यांनी २९ जून १९३६ रोजी चित्रपटांविषयी काढलेल्या विश्वपत्रातही प्रत्येक देशात चित्रपटांचे परीक्षण करणारी कचेरी असावी असे सुचविले होते. परीक्षण म्हणजे आधी पाहणे. परंपरा आमच्याकडे होती. आम्हीच ती सोडून आवेशाच्या मागे लागलो.

कोणी म्हणेल, मग येणाऱ्या चित्रपटाची उत्सुकताही बाळगू नये काय? अवश्य बाळगावी. उत्सुकता आणि निवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आगमनकाळाचे चार आठवडे ख्रिस्तसभा आपल्याला हेच तर शिकविते. प्रतीक्षा करणारा मन मोकळे ठेवतो. येणारा आपल्या कल्पनेपेक्षा वेगळा असू शकेल, ही जागा तो राखून ठेवतो. निकाल देऊन बसलेल्याने ती जागा भरून टाकलेली असते. नासरेथातून काही उत्तम निघू शकते काय, असे नथनेलाने म्हटले तेव्हा त्याने येशूला पाहिलेही नव्हते. फिलिपाने त्याच्याशी वाद घातला नाही. येऊन स्वतः पाहावे, एवढेच त्याने सुचविले. नथनेलाचे मोठेपण हे की, तो उठला आणि गेला.

१५ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी चित्रपटसृष्टीतील मंडळींची व्हॅटिकनमध्ये भेट घेतली. त्या निमित्ताने त्यांच्या आवडीचे चार चित्रपट जगापुढे आले. त्यांतील सर्वांत अलीकडचा ‘लाइफ इज ब्युटिफुल’ १९९७ चा आहे आणि सर्वांत जुना ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ चा. ही आवड आहे वर्षानुवर्षे मनात मुरलेल्या चित्रपटांची. आमच्या ओट्यावरील किती मंडळी गेल्या उन्हाळ्यात पाहिलेल्या एका तरी चित्रपटाविषयी अर्धा तास बोलू शकतील? ज्याच्या येण्याची वर्षभर चर्चा केली, तो येऊन गेल्यावर आठवडाभरही मनात टिकत नाही, ही खरी शोकांतिका आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे आणि ते दोन्ही पिंजऱ्यांना आहे. तरुणांनो, येणाऱ्याची वाट पाहा, पण निकाल राखून ठेवा. आणि पाहून आल्यावर गल्ल्याचा आकडा न सांगता, तुम्हांला काय दिसले ते सांगा. धर्मबंधूंनो, व्यासपीठावरून एखाद्या चित्रपटाचे नाव घ्यायचे असेल तर आधी तिकीट काढा. येत्या मे महिन्यापासून आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात दर रविवारी सायंकाळी पाहिलेल्या चित्रपटांवर चर्चा ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. नियम एकच : ज्याने पाहिला, त्यानेच बोलावे. न पाहिलेल्याने ऐकावे. आम्हीही त्याच नियमाने बसणार आहोत. २००६ सालचा तो मुलगा आता बापमाणूस झाला आहे. त्याला आम्ही स्वतः जाऊन निमंत्रण दिले आहे. येईन, असे तो म्हणाला आहे.