आराखडा कुणाच्या बापाचा?

रंग मारला म्हणजे शाळा सुधारली असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी त्या शाळेच्या मुतारीत जाऊन दाखवावं.

दोस्तहो, महापालिकांच्या शाळांत आज कोण शिकतं? आपली पोरं. झाडूवाल्याची, नाक्यावरच्या बिगाऱ्याची, धुणंभांडी करणाऱ्या बाईची, गोदीत पाठ मोडणाऱ्याची. आणि शाळेत काय हवं ते ठरवतात कोण? ज्यांची पोरं तिथं पाऊल ठेवत नाहीत ते! इंजिनियर नकाशा काढतो, कंत्राटदार टेंडर भरतो, पुढारी नारळ फोडतो. दर्शनी भिंतीला झकास रंग, गेटावर कमान. आणि वयात आलेली पोरगी सकाळपासून पाणी पीत नाही, कारण संडासाला कडी नाही. याला म्हणे सुधारणा!

कायदा पाठ करा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम २१ : शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, वंचित घरांना त्यांच्या प्रमाणात जागा. कलम २२ : शाळेचा विकास आराखडा ही समितीच करणार, आणि सरकारनं-पालिकेनं पैसा द्यायचा तो याच आराखड्याच्या पायावर. परिशिष्टात यादीच आहे : उन्हापावसात टिकणारी इमारत, दर शिक्षकामागं एक वर्ग, पोरापोरींना वेगळे संडास, पिण्याचं चांगलं पाणी, मैदान. हे तीन वर्षांत करायचं होतं. मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. म्हणजे आपण भीक मागत नाही, थकबाकी मागतोय.

घडतं काय? आपल्या आयाबाया खाडा करून बैठकीला जातात. आराखडा आधीच लिहून तयार. 'ताई, इथं सही करा.' सही येत नाही तर अंगठा. च्यायला, एकलव्याच्या अंगठ्याचा हिशेब अजून बाकी हाय, आणि पुन्हा अंगठाच मागता?

म्हणे पालकांना बांधकामातलं काय कळतं! अरे, तुमच्या इमारती बांधल्या कुणी? सिमेंटच्या गोण्या कुणाच्या पाठीवरून चढल्या? छप्पर कुठं गळतं हे गळतीखाली बसणाऱ्या पोराला विचारा.

जोतिबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच मांडलं : पैसा रयतेच्या घामाचा, शिक्षण वरच्यांचं. बाबासाहेबांना शाळेत नळाला हात लावता येत नव्हता. शिपाई नाही तर पाणी नाही. आज हात लावायला बंदी नाही, पण कितीक ठिकाणी नळालाच पाणी नाही.

तेव्हा भावांनो, नुसत्या घोषणा पुरे. आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा. नळ मोजा, संडास मोजा, वर्ग मोजा. आराखड्याची प्रत मागा. नाही म्हणाले तर २००५ चा माहिती अधिकार लावा. समितीतल्या बायांना तो शब्द न् शब्द वाचून दाखवा, मगच सही. पहिल्या ओळीत पाणी, दुसरीत संडास, तिसरीत छप्पर. रंग शेवटी.

दुसऱ्यानं लिहिलेल्या आराखड्यावर यापुढं आपला अंगठा उमटणार नाही.

जय भीम!